फलाट

धारवाडच्या आमच्या घरात आजी 'फलाट' म्हणायची, माझी मुलगी 'प्लॅटफॉर्म' म्हणते. शब्द एकच, आजीच्या पिढीच्या तोंडी घासून घासून तो मराठी झाला.

मूळ फ्रेंच. अर्थ साधा: सपाट आकार. जेवायची 'प्लेट' याचंच भावंड. सोळाव्या शतकात तो इंग्रजीत आला, तेव्हा नकाशा, आराखडा असाही त्याचा अर्थ होता आणि तोफा ठेवायच्या चौथऱ्यालाही तेच नाव होतं. पुढे अमेरिकेत पक्षाचा जाहीरनामा 'प्लॅटफॉर्म' झाला. रेल्वे आली आणि शब्द रुळांशेजारी जाऊन बसला. आता तर ॲपही 'प्लॅटफॉर्म'च!

पण 'सपाट' म्हणजे काय, ते कळायला आमच्या हुबळीला यावं. सिद्धारूढ स्वामींचं नाव असलेल्या या स्टेशनात १५०७ मीटरचा फलाट आहे. १२ मार्च २०२३ रोजी त्याचं उद्घाटन झालं. जगातला सर्वांत लांब म्हणून गोरखपूरचा १३६६ मीटरचा विक्रम त्यानं मोडला. परवा हातात पिशवी आणि चहाचा कप घेऊन मी या टोकाहून निघालो. चहा संपला, पिशवीनं तीनदा हात बदलला, फलाट काही संपेना. आजी असती तर म्हणाली असती, "अरे, हा फलाट की धारवाडचा रस्ता?"