तेजी, मंदी आणि कलाचा जोर : एका निर्देशांकाचा परिचय

बाजारभाषेतील ‘तेजी’ व ‘मंदी’ हे शब्द आज परस्परविरुद्ध दिशांचे वाचक आहेत. व्युत्पत्ती पाहता मात्र दोन्ही शब्द दिशेचे नसून मात्रेचे आहेत. फारसीतून आलेल्या ‘तेजी’चा मूळ अर्थ तीव्रता वा वेग; ‘मंदी’च्या मुळाशी असलेल्या संस्कृत ‘मंद’चा अर्थ सावकाश किंवा क्षीण. व्यवहारात हे शब्द चढ-उताराचे वाचक झाले आणि जोर दर्शविण्यास बाजाराला विशेषणांचा आश्रय घ्यावा लागला. ‘तीव्र मंदी’ हा प्रयोग व्युत्पत्तीने विसंगत असूनही आपणांस खटकत नाही, तो यामुळेच.

हा केवळ शब्दविचार नव्हे. हदगाव परिसरातील शेतकऱ्याने हळद शिजवून, वाळवून घरात ठेवली असता, भाव चढतो आहे एवढे कळून त्याचे भागत नाही. तो चढ टिकाऊ कलाचा आहे की क्षणिक हेलकाव्याचा, हे त्यास हवे असते. या दुसऱ्या प्रश्नासाठी जे. वेल्स वाइल्डर या अमेरिकन लेखकाने १९७८ साली ‘सरासरी दिशानिर्देशांक’ मांडला. व्यापारी त्यास एडीएक्स म्हणतात.

त्याची रचना अशी. काल उच्चतम भाव १४,२०० रुपये, नीचतम १३,९०० व बंद भाव १३,९५० होता. आज उच्चतम १४,३५० व नीचतम १४,००० आहे, असे समजू. उच्चतम भाव १५० ने वाढला, नीचतम भाव खाली गेला नाही. म्हणून आजची धन गती १५० व ऋण गती शून्य. दोन्ही बाजूंस विस्तार झाला, तर मोठा तेवढाच धरावयाचा. आजच्या भावांतील अंतर ३५० असले, तरी कालच्या बंद भावापासून आजच्या उच्चतम भावापर्यंतचे अंतर ४०० आहे. त्यांतील मोठा आकडा, म्हणजे ४००, हा ‘खरा पल्ला’ होय.

सामान्यतः १४ दिवसांच्या गतींची सरासरी पल्ल्याच्या सरासरीने भागून शंभराने गुणली असता धन व ऋण निर्देशांक मिळतात. ते अनुक्रमे ३० व १० असल्यास त्यांच्या फरकास बेरजेने भागून शंभराने गुणावे : २० भागिले ४०, म्हणजे ५०. या आकड्यांची पुन्हा १४ दिवसांची सरासरी म्हणजे एडीएक्स. तो २० च्या खाली असल्यास कल क्षीण व २५ च्या वर असल्यास सबळ मानण्याचा प्रघात आहे.

धन १० व ऋण ३० असते, तरीही उत्तर ५० च आले असते. अर्थात हा अंक दिशा सांगत नाही, जोर सांगतो. ‘तेजी’ शब्दाने गमावलेला मूळ अर्थच जणू येथे अंकरूपाने परत येतो.

येथे दोन सावधगिरीच्या सूचना आवश्यक आहेत. बाजार समितीच्या पत्रकातील ‘किमान’ व ‘कमाल’ दर हे या गणितातील नीचतम व उच्चतम भाव नव्हेत. पत्रकातील अंतर बहुतांशी मालाच्या प्रतीमुळे पडते. ओलसर हळद व निवडक हळद एकाच दिवशी भिन्न दराने विकली जाते. हे गणित एकाच ठराविक प्रतीच्या भावांस, म्हणजे हळदीच्या वायद्यासारख्या व्यवहारास, लागू पडते. सोयाबीनच्या बाबतीत तोही आधार तुटला. डिसेंबर २०२१ मध्ये सेबीने त्याचे वायदे स्थगित केले व ती मुदत पुढे वेळोवेळी वाढविली.

दुसरे असे की, दोनदा सरासरी घेतल्याने हा निर्देशांक नेहमी मागून येतो. कल जोर धरून काही दिवस लोटल्यावरच तो वर सरकतो. म्हणून तो भूतकाळाचे वर्णन करतो, भाकीत नव्हे. माल ठेवावा की विकावा, हे कर्जाची मुदत, साठवणुकीची सोय व घरची गरज यांवरही ठरते. त्यांची नोंद कोणत्याही निर्देशांकात होत नाही.