माप-वजन रूपांतर, पाकक्रियेतील

वाटी, पेला, चमचा इ. मापांनी म्हणजे घनफळाने सांगितलेले जिन्नसांचे प्रमाण वजनात मांडण्याची रीत. पाणी, दूध, तेल यांसारख्या द्रवांच्या बाबतीत हे रूपांतर निश्चित असते. धान्य, पीठ, साखर, मीठ यांसारख्या कणरूप पदार्थांचे वजन मात्र माप कसे भरले यावरही अवलंबून असते.

महाराष्ट्रात पूर्वी धान्य मापाने मोजले जाई. दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली व दोन अधोल्यांची पायली असे कोष्टक रूढ होते. माप सपाट भरावयाचे की शीग लावून, हे व्यवहारात महत्त्वाचे असे. शेर हे वजनाचेही एकक होते. ८० तोळ्यांचा वजनी शेर म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅ.; मापी शेरात मावणाऱ्या जिनसाचे वजन मात्र जिनसागणिक बदलते. म्हणून जुन्या पाककृतीतील शेर मापी की वजनी, हे आधी ठरवावे लागते. १९५६ च्या अधिनियमानुसार देशात दशमान वजने-मापे टप्प्याटप्प्याने लागू झाली व धान्य किलोग्रॅमने विकले जाऊ लागले. स्वयंपाकघरात मात्र वाटी-चमचा टिकून राहिले.

रूपांतराचे सूत्र पुढीलप्रमाणे आहे : वजन (ग्रॅ.) = घनफळ (मिलि.) × स्थूल घनता. कण व त्यांमधील पोकळ्या मिळून होणाऱ्या एक मिलि. जागेतील पदार्थाचे वजन म्हणजे स्थूल घनता होय. साखरेच्या स्फटिकाची घनता १·५९ असली, तरी वाटीत भरलेल्या साखरेची स्थूल घनता सुमारे ०·८५ असते. म्हणजे वाटीतील जवळजवळ निम्मी जागा हवेने व्यापलेली असते. पिठाचे बारीक कण एकमेकांना चिकटून राहिल्याने त्यात पोकळ्या अधिक असतात. वाटी आपटली किंवा पीठ दाबले की त्या मोडतात व त्याच वाटीत अधिक पीठ मावते.

२०० मिलि.च्या सपाट वाटीत मावणाऱ्या पदार्थांचे वजन सुमारे असे असते : पाणी २०० ग्रॅ., दूध २०६, तेल १८३, मध २८४, साखर १७०, पिठीसाखर १००, तांदूळ १६०. चाळून हलक्या हाताने भरलेला मैदा सुमारे १००, तर डब्यात वाटी खुपसून भरलेला १२५ ग्रॅ. वा त्याहून अधिक भरतो. एका वाटीतील हा २५ ग्रॅ.चा फरक शंभर वाट्यांच्या स्वयंपाकात अडीच किग्रॅ. होतो. केकसारख्या पदार्थांत तर एका वाटीतील फरकही जाणवतो.

वाटीचा आकार घरोघरी वेगळा असतो. अमेरिकेतील कप सुमारे २३७, ऑस्ट्रेलियातील २५०, तर जपानमधील २०० मिलि.चा असतो. फॅनी फार्मर यांच्या १८९६ सालच्या पाकशास्त्रविषयक ग्रंथाने सपाट मापाचा पुरस्कार केला. त्यामुळे शिगेचा दोष टळला, पण दाबून भरण्याचा दोष राहिलाच. घरातील वाटीचे माप काढण्यासाठी ती प्रथम रिकामी व नंतर काठोकाठ पाण्याने भरून तोलावी; दोन वजनांतील फरक जितके ग्रॅम, तितके मिलि. वाटीचे घनफळ असते. नंतर नेहमीच्या पद्धतीने भरलेला प्रत्येक जिन्नस एकदा तोलून नोंद करून ठेवल्यास पुढे कोष्टकाची गरज उरत नाही.

अतिसारात घरी तयार करावयाच्या जलसंजीवनीत या अचूकतेला विशेष महत्त्व आहे. एक लिटर स्वच्छ पाण्यात ५ मिलि.च्या चमच्याने सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ, असे तिचे प्रमाण आहे. या अर्ध्या चमच्यात सुमारे ३ ग्रॅ. मीठ असते. चमचा शीग लावून भरल्यास मीठ बरेच वाढते व शरीरातील पाणी कमी झालेल्या बालकास ते अपायकारक ठरते. म्हणून प्रमाण मापाने सांगताना मापाचा आकार व भरण्याची रीत ही दोन्ही सांगणे आवश्यक असते.