संहितेनंतर पद: घरच्यांसाठी
संहिता मुखोद्गत झाली की वेदपाठशाळेतला मुलगा पदपाठाला बसतो. संधी सुटतात, स्वर बदलतात आणि पाठ असलेलंच अडखळू लागतं. आईवडिलांनी घाबरू नये. ही अडखळ अभ्यासाचाच भाग आहे. पुढच्या क्रमपाठात पदं जोडीनं येतात: १-२, २-३, ३-४. सुट्टीत घरी रोज संथा म्हणवून घ्यावी, मात्र मोबाइलवरचं ऐकून चुका काढू नयेत. त्यातली शाखा वेगळी असू शकते.

क्रमपाठाच्याही पुढे दंडक्रमासारखे अवघड पाठ असतात. काशीत रामघाटावरच्या वल्लभराम शालिग्राम सांगवेद विद्यालयात २०२५ साली अहिल्यानगरच्या १९ वर्षांच्या देवव्रत रेखे यांनी शुक्ल यजुर्वेदाच्या माध्यंदिन शाखेतील सुमारे २,००० मंत्रांचं दंडक्रम पारायण ५० दिवसांत पूर्ण केलं. त्यांचे गुरू म्हणजे त्यांचे वडीलच.