शून्याच्या वर गोठलेलं दव

‘महाबळेश्वरला पारा शून्यावर, वेण्णा तलाव परिसरात हिमकण’ ही बातमी डिसेंबर-जानेवारीत एकदा तरी येतेच. ती वाचून बेंगळुरूच्या व्हाइटफील्डमधल्या एका वाचकानं विचारलंय : आम्हीही समुद्रसपाटीपासून जवळपास नऊशे मीटर उंच. मग आमच्या वर्तूर तलावावर पहाटे नुसतं धुकंच का?

आधी बातमीतलं ते शून्य तपासू. हवामान खात्याचा तापमापक जमिनीपासून सव्वा मीटर उंचीवर, झडपांच्या पांढऱ्या पेटीत असतो. दव गोठतं त्या पहाटेही तो बऱ्याचदा चार-पाच अंश दाखवतो. निरभ्र, निवांत रात्री मोटारीचा टप आणि स्ट्रॉबेरीची पानं अवरक्त किरणांवाटे उष्णता आकाशाकडे सोडत राहतात आणि भोवतालच्या हवेपेक्षा बरीच गार पडतात. हिमकण खरे, पण ते शून्य पानावरचं, हवेतलं नव्हे!

हे कोडं नीट उलगडलं ते विल्यम चार्ल्स वेल्स या लंडनच्या डॉक्टरानं, १८१४च्या दवावरच्या निबंधात. दव आकाशातून पडतं की जमिनीतून वर येतं, असा तेव्हा वाद होता. वेल्सनं एका फळीच्या वर आणि खाली सारख्याच वजनाची लोकर ठेवली आणि सकाळी तोलली. आकाशाकडे तोंड असलेली लोकर कितीतरी जास्त भिजली होती. याच माणसानं नैसर्गिक निवडीची कल्पनाही डार्विनच्या आधी मांडली. डार्विननं ते पुढे मान्यही केलं. तरी पाठ्यपुस्तकांत वेल्स सहसा सापडत नाही.

त्याच्या हाताशी आपल्याकडचाही पुरावा होता. अलाहाबादेत बर्फ कसा करतात, हे रॉबर्ट बार्करनं १७७५मध्ये रॉयल सोसायटीला कळवलं होतं. उथळ खड्ड्यात उसाची चिपाडं किंवा मक्याची ताटं पसरायची, वर पाण्यानं भरलेली मातीची पसरट भांडी ठेवायची आणि उजाडण्यापूर्वी बर्फ गोळा करायचा. बाष्पीभवनाची ही करामत, असं अनेकांना वाटे. पण मग खालचा थर ओला असलेला बरा; कारागीर तर तो कोरडा ठेवण्याची काळजी घेत. जमिनीची ऊब अडवायला तोच उपयोगी, हे त्यांना निबंध न वाचताच ठाऊक होतं.

आता वर्तूर. तलावाचं पाणी हळू निवतं. पहाटेची गार हवा त्याला टेकली की पाण्यावरची वाफ तिथल्या तिथे थिजून थेंब होते. दक्षिण पिनाकिनी नदीच्या पात्रावरही हाच खेळ. शिवाय हवेत दमटपणा असला की वाफ थिजताना उष्णता सुटते आणि धुकं पांघरुणासारखं जमिनीची ऊब अडवतं. वेण्णेच्या खोलगट भागात मात्र कोरड्या रात्री आजूबाजूच्या उतारांवरची गार हवा येऊन साचते.

बेंगळुरूचं नोंदलेलं नीचांकी तापमान ७.८ अंश, तेही जानेवारी १८८४मधलं. पान हवेपेक्षा पाच अंश गार झालं तरी शून्य अडीच-तीन अंश खालीच राहतं.