बुडी मारण्याआधी तिथी बघा

ऐका पोरांनो. मालवणला जाऊन समुद्राच्या तळाशी मासे बघायचे, हे तुमच्या मनानं घेतलंय आणि ते चांगलंच आहे. पण सुट्टी बघून तारीख काढायला निघालात, तिथं मी तुम्हाला अडवतो. समुद्रात उतरायचा महिना पाऊस ठरवतो, दिवस चंद्र ठरवतो, आणि घरी परतायची वेळ ठरवतो तुमच्या रक्तात विरघळलेला वायू. या तिघांचं म्हणणं आधी समजून घेऊ, गाडी मग सांगू.

पहिल्यांदा आपण कुठं बसलोय ते बघा. इंदापूर काय नि बारामती काय, आपण समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरहून अधिक उंचावर राहतो. उजनी शंभर टक्के भरली म्हणतात तेव्हा पाण्याची पातळी ४९६.८३ मीटर असते. हा आकडा धरणाच्या खोलीचा नाही, तो समुद्रापासून मोजलेला आहे. म्हणजे आपल्या भीमेचं साठलेलं पाणी मालवणच्या पाण्यापेक्षा जवळजवळ अर्धा किलोमीटर उंच आहे.

हवेलाही वजन असतं. समुद्रकाठी दर चौरस सेंटीमीटरवर साधारण एक किलो हवा बसलेली असते. आपण उंचावर, म्हणून आपल्या डोक्यावरचा थर थोडा पातळ, भार सहाएक टक्क्यांनी कमी. मालवणला उतरलात की तो सहा टक्के भार अंगावर येतो आणि तुम्हाला कळतही नाही. आता सांगा, तेवढाच भार पाण्यात वाढायचा तर किती खोल जावं लागेल? फक्त दोन फूट. अख्खा घाट उतरून जे होतं ते कमरेएवढ्या पाण्यात बसलं की होतं. आणि दहा मीटर खाली गेलात, की साऱ्या वातावरणाएवढा आणखी एक भार तुमच्यावर चढतो.

मग माणूस चिरडत कसा नाही? कारण आपलं शरीर बहुतेक पाण्याचंच आहे आणि पाणी दबत नाही. दबते ती हवा. कानाच्या पडद्यामागं हवा आहे, कपाळाच्या हाडातल्या पोकळ्यांत आहे, छातीत आहे. चार-पाच फूट खाली गेलं की कान दुखायला लागतो, तो याचमुळं. अशा वेळी नाक चिमटीत धरून हलकेच हवा सोडायचा प्रयत्न करायचा. घशातून कानाकडं जाणारी नळी उघडते आणि कान पटकन मोकळा होतो. दुखायच्या आधी करायचं, दुखल्यावर जोर लावायचा नाही. सर्दी झाली असेल तर ती नळी सुजलेली असते, म्हणून सर्दी झालेल्यानं त्या दिवशी काठावर बसायचं. पैसे भरलेत म्हणून उतरायचं नाही.

दुसरी गोष्ट तुम्हा विहिरीत पोहायला शिकलेल्या पोरांसाठी फार महत्त्वाची. आपण धावेवरून सूर मारतो तेव्हा छाती भरून श्वास घेतो नि दाबून धरतो. ती सवय स्कूबात मोडावी लागते. पाठीवरच्या टाकीतली हवा तोंडातल्या यंत्रातून येते ती भोवतीच्या पाण्याइतक्याच दाबानं येते, म्हणून खोल पाण्यातही छाती नेहमीसारखी भरते. पण दहा मीटरवर छाती भरून घेतली आणि श्वास रोखून वर आलात, तर तीच हवा दुप्पट जागा मागते. फुप्फुसाला ते सोसत नाही. श्वास कधीही रोखायचा नाही, हा त्या विद्येतला पहिला धडा. विहिरीत पटाईत असलेल्या पोरानंच तो जास्त ध्यानात ठेवायचा.

आता त्या वायूची गोष्ट. हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन आहे. रोज आपण तो आत घेतो नि तसाच बाहेर सोडतो, शरीराला त्याचं काही काम नाही. पण भाराखाली श्वास घेतला की तो थोडा थोडा रक्तात नि मांसात विरघळत जातो. जत्रेतली गोटीसोड्याची बाटली आठवा. गोटी बसलेली असते तोवर पाणी शांत दिसतं, गोटी आत ढकलली की बुडबुडे उसळतात. वायू आधीही पाण्यात होताच, दाब होता म्हणून गप्प होता. पाणबुड्या सावकाश वर आला तर नायट्रोजन श्वासावाटे गुपचूप निघून जातो. घाईनं आला तर रक्तातच बुडबुडे धरतात, सांधे ठणकतात, कधी हातपाय लुळे पडतात.

आणि पाण्याबाहेर आल्यावरही सगळा वायू गेलेला नसतो. त्याला तास लागतात. म्हणूनच एक बुडी मारली असेल तर निदान १२ तास आणि अनेक बुड्या मारल्या असतील तर १८ तास विमानात बसू नये, असा नियम आहे. विमानात हवेचा भार कमी असतो. लोक हे वाचतात आणि म्हणतात, आम्ही कुठं विमानानं जाणार, आम्ही तर गाडीनं आलोय. पण सह्याद्रीचं काय? फोंडा घाट घ्या, गगनबावडा घ्या नाहीतर आंबोली घ्या, घाटमाथा सहाशे-सातशे मीटरच्या आसपास आहे. हा नियम ज्या उंचीपासून लागू धरतात ती सहाशे मीटरच आहे. मुंबईच्या माणसाला बुडी मारून किनाऱ्याकिनाऱ्यानं घरी जाता येतं. आपल्याला घाट चढल्याशिवाय घर नाही, आणि आपलं घरसुद्धा वरच आहे. मालवणात नवशिक्यांना शिक्षकाच्या हातात हात देऊन थोड्याच मीटरवर, थोडाच वेळ उतरवतात. त्यात वायू फारसा मुरत नाही हे खरं. तरी सकाळी बुडी मारून दुपारी घाटाला लागायचा बेत मी करू देणार नाही. ती रात्र किनाऱ्यावर काढायची.

म्हणून आपला बेत असा. बारामतीहून फलटण, सातारा, कराड, कोल्हापूर, मग घाट उतरून कणकवली, कसाल आणि मालवण. पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास रस्ता आहे, तो अख्खा दिवस मागतो. घाटाचं काम चालू आहे का, हे कोल्हापुरातच विचारून घ्यायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी समुद्र. तिसरा दिवस किल्ला बघायला, चौथ्या दिवशी परत. रेल्वेनं जाणाऱ्यानं कुडाळला उतरावं, तिथून मालवण तासाभराचं.

महिना कुठला? जून ते सप्टेंबर विसरा. आपली उजनी ज्या महिन्यांत भरते, तेच महिने समुद्राच्या बंदीचे. लाटा उंच, नद्यांचा गाळ पाण्यात, हात पुढं केला तर हात दिसत नाही. आणि गंमत अशी, की त्याच समुद्रावरून उठलेले ढग आपल्यावर बरसतात, पण ते पाणी परत तिकडं जात नाही. भीमा कृष्णेला मिळते आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. असो. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत पाणी निवळतं. आता अडचण ओळखा. तोच आपला गळिताचा हंगाम. ऊस तुटायचा, टोळी यायची, रात्री रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग. तेव्हा हॉटेलात खोली सांगायच्या आधी तोडीची तारीख काढायची, आणि फलटणपर्यंतचा रस्ता उजेडात कापायचा.

दिवस ठरवायला कालनिर्णय आणा. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य नि चंद्र एका रेषेत येऊन पाणी ओढतात, समुद्राला उधाण येतं, ओढ जोरात, गाळ ढवळलेला. अष्टमीच्या सुमारास दोघं काटकोनात असतात, एकाची ओढ दुसऱ्याला मारते. कोकणात त्याला भांग म्हणतात. भांगाला पाणी जास्त चढत नाही नि जास्त उतरतही नाही. अष्टमीनंतरचे दोन दिवस आपल्याला हवेत. भरतीची वेळ काढायचा कोळ्यांचा हिशेब तर पाठच करा. तिथीला पाऊणनं गुणायचं, येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. पाऊणच का? चंद्र रोज पन्नासेक मिनिटं उशिरा उगवतो, भरतीही तशीच मागं सरकते, ते जवळजवळ पाऊण तास होतात. घड्याळ नव्हतं तेव्हापासून हा हिशेब होड्यांना पुरलाय. दशमीला साडेसातला भरती म्हणजे सात-आठच्या सुमाराला खोल समुद्राचं स्वच्छ पाणी किनाऱ्याशी येऊन थांबलेलं असतं. ओहोटी लागली की कर्ली नदीच्या खाडीतला गढूळपणा बाहेर ओढला जातो. दुपारची सवलतीची बुडी स्वस्त पडेल, पण दिसणार काय?

आणि दिसतं काय ते ऐका. २५ नोव्हेंबर १६६४ ला शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला. त्या बेटाभोवती पाण्यात दडलेले खडक आहेत. माहीतगार तांडेलाशिवाय गलबत आत आणलं तर फुटायचं, म्हणून ती जागा किल्ल्याला योग्य. त्याच खडकांवर प्रवाळानं घर केलंय. १९८७ साली इथं मालवण सागरी अभयारण्य जाहीर झालं, २९ चौरस किलोमीटरचं, आणि किल्ल्याभोवतीचा नि पद्मगडाजवळचा भाग त्याचा गाभा.

प्रवाळ दगडासारखं दिसतं, पण ते प्राणी आहे. मुगाच्या दाण्याहून लहान अशा हजारो जीवांची वसाहत. प्रत्येकाला इवलं तोंड, तोंडाभोवती बारीक हात. ते पाण्यातला चुना घेऊन आपलं बैठं घर बांधतात, एक मेला की त्याच्या घरावर दुसरा बांधतो. पण त्यांचं पोट हातांनी भरत नाही. त्यांच्या अंगात एका पेशीचं शेवाळ राहतं. ते उन्हात अन्न तयार करतं आणि त्यातलं बरंचसं घरमालकाला देतं. बदल्यात त्याला आसरा मिळतो. प्रवाळाचा तपकिरी-हिरवा रंग बहुतेक या भाडेकरूचा. पाणी नेहमीपेक्षा एक-दोन अंशांनीच जास्त तापून काही आठवडे तसंच राहिलं की ही सोयरीक मोडते, शेवाळ बाहेर पडतं, प्रवाळ पांढरं फटक होतं आणि उपाशी राहतं. १९९८ साली आणि पुन्हा २०१६ साली जगभरच्या समुद्रांत असं झालं. पाणी लवकर निवलं तर शेवाळ परत येतं, नाहीतर प्रवाळ मरतं. म्हणून त्यावर पाय ठेवायचा नाही, बोटही लावायचं नाही. फोटोत मासे जमावेत म्हणून कुणी पावाचा तुकडा हातात दिला तर घ्यायचा नाही. खडकावरचं शेवाळ कुरतडून प्रवाळाला जागा मोकळी ठेवणं हे त्या माशांचं काम आहे.

खाली रंग निळसर दिसले तर घाबरू नका. पाणी तांबडा रंग आधी गिळतं. थोड्याच मीटरवर लाल टॉवेल मळकट दिसतो, आणखी खोल बोट कापलं तर रक्त हिरवट दिसतं. काचेतून मासा खऱ्यापेक्षा मोठा नि जवळ वाटतो. आवाज पाण्यात हवेच्या चौपटीहून जास्त वेगानं धावतो, म्हणून बोटीचं इंजिन ऐकू येईल, पण कुठल्या बाजूला आहे ते कळणार नाही. वर येताना हात उंच धरून, वर बघत, शिक्षकाच्या सांगण्याप्रमाणंच यायचं.

थोरली विचारते, मोठ्या बोटीवर राहून दिवसेंदिवस बुड्या मारतात तसं आपल्याकडं आहे का? जागा आहे. विजयदुर्गापासून पश्चिमेला शंभरएक किलोमीटरवर समुद्रात बुडालेलं एक पठार आहे. कान्होजी आंग्र्यांच्या नावावरून त्याला आंग्रिया बँक म्हणतात. त्याचा माथा पाण्याखाली वीसेक मीटरवर आहे, तिथवर ऊन पोचतं, म्हणून माथ्यावर प्रवाळ वाढलंय. वीस हजार वर्षांपूर्वी, हिमयुगात, जगाचं पाणी बर्फात अडकलं होतं आणि समुद्र आजच्यापेक्षा सव्वाशे मीटरच्या आसपास खाली होता. तेव्हा हे पठार बेट होतं, त्यावर ऊन-पाऊस पडत होता. बर्फ वितळला, समुद्र चढला, बेट बुडालं. तुम्ही उन्हाळ्यात उजनी आटल्यावर पळसदेवचं जुनं मंदिर उघडं पडलेलं बघितलंय. ते बेट मात्र आता उघडं पडणार नाही. तिथं नवशिक्यानं जायचं नसतं, वीस मीटर पाणी शिकलेल्यालाच झेपतं.

तेव्हा आधी शिक. तारकर्लीला पर्यटन महामंडळाची स्कूबाची संस्था आहे. पहिल्या पायरीचा अभ्यासक्रम तीन-चार दिवसांचा असतो, तो पुरा केलेल्याला १८ मीटरपर्यंत जाता येतं. मग लक्षद्वीप बघू. तिथं जायला परवाना लागतो, जहाज कोचीहून सुटतं, आणि परवान्याचं काम तिकिटाच्या कितीतरी आधी सुरू करावं लागतं. अगत्तीहून विमानानं परतायचं असेल तर शेवटचा दिवस बुडीशिवाय, ते १८ तास तिथंही चुकत नाहीत.

धाकट्या, तुला दहा पूर्ण नाहीत. तू टाकी लावायची नाहीस. तू जॅकेट घालून वरच्यावर तरंगत काचेतून बघशील, आणि तिसऱ्या दिवशी किल्ल्यात मी तुला दूधबाव, साखरबाव, दहीबाव दाखवीन. चहूकडं खारं पाणी आणि मधे गोड्या विहिरी. पावसाचं पाणी बेटाच्या खडकात मुरतं आणि खाऱ्यापेक्षा हलकं असल्यामुळं वर राहतं.

उजनीतच का नाही उतरायचं, हेही कालपासून चाललंय. पाणी गढूळ, तळाला गाळ, जागोजागी जाळी. शिवाय पाचशे मीटर उंचावरच्या पाण्यात किती खोल, किती वेळ राहायचं हे सांगणारे समुद्रातल्या बुडीचे तक्ते जसेच्या तसे चालत नाहीत. वरची हवा पातळ, म्हणून हिशेब वेगळा मांडावा लागतो. आणि पाण्याशी खेळ नको. २१ मे २०२४ ला कुगावहून कळाशीला येणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली, सहा माणसं गेली. तो रोजचा, पायाखालचा मार्ग होता. मालवणच्या होडीत पाय ठेवताना जॅकेटचे सगळे पट्टे आवळलेत की नाही, ते मी एकेकाचं ओढून बघणार आहे.

उद्या तोडीची तारीख विचारून येतो. तोवर थोरलीनं डॉक्टरांकडं जाऊन यावं. लहानपणी तिला दम्याचा त्रास होता, आणि संस्थेच्या फॉर्मवर तो प्रश्न असतो. तिथं खरं तेच लिहायचं, आणि डॉक्टर नको म्हणाले तर ती धाकट्याबरोबर वर तरंगेल.