केंद्र आणि वाहिनी : जुन्नर-आंबेगावच्या दूरचित्रवाणीसंबंधी

‘केंद्र’ आणि ‘वाहिनी’ हे शब्द व्यवहारात पुष्कळदा समानार्थी समजले जातात. परंतु प्रसारणाच्या क्षेत्रात त्यांचे अर्थ भिन्न आहेत. केंद्र म्हणजे प्रक्षेपक, मनोरा व परवाना यांसह एका स्थळी उभी असलेली संस्था होय. वाहिनी हा केवळ कार्यक्रमांचा प्रवाह. तो कोणत्याही मार्गाने घरी पोहोचू शकतो. अमेरिकेत एखादी प्रादेशिक कंपनी अनेक लहान शहरांतील केंद्रांची मालक असते. जुन्नर व आंबेगाव या तालुक्यांत असे खाजगी केंद्र कधीच नव्हते. तेथे आली ती वाहिनी.

याचे कारण कायद्यात आहे. भारतात मनोऱ्यावरून दूरचित्रवाणी प्रक्षेपित करण्याचा अधिकार दूरदर्शनकडेच राहिला. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले व पुढील वर्षी सिंहगडावरील प्रक्षेपकाने ते पुणे परिसरात पोहोचविले. जुन्नर तालुक्यातील आर्वी येथे उपग्रह-भूकेंद्र १९७१ सालीच उभे राहिले होते; पण ते परदेशी संदेशवहनासाठी होते. ९ फेब्रुवारी १९९५ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने प्रसारणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता ठरविली. त्याच वर्षी केबलचा कायदा झाला. तारेला लहरींची वाटणी लागत नाही. म्हणून तालुक्याच्या गावचा केबलचालकही स्वतःची वाहिनी दाखवू शकला. यात्रा, कीर्तने, निवडणुकीच्या सभा हा अशा वाहिन्यांचा नेहमीचा विषय होय.

प्रादेशिक कंपनी आली ती वरच्या पातळीवर. हैदराबादच्या ईनाडू समूहाने २००० साली ‘ईटीव्ही मराठी’ सुरू केली. मात्र तिचा प्रदेश म्हणजे संपूर्ण महाराष्ट्र. एका तालुक्याला तेथे क्वचितच जागा मिळे. पुढे केबलचे अंकीकरण झाले आणि २०१७ पर्यंत ते ग्रामीण भागालाही लागू झाले. तेव्हापासून वाहिन्यांची जुळणी मोठ्या वितरकाच्या नियंत्रणकक्षात होते व गावच्या चालकाकडे मुख्यतः तार उरते. ३० नोव्हेंबर २०२२ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार वितरकाच्या स्वतःच्या वाहिन्यांची संख्या त्याच्या एकूण वाहिनीक्षमतेच्या ५ टक्क्यांहून अधिक असता कामा नये, आणि स्थानिक बातम्या देणारी संस्था कंपनी म्हणून नोंदलेली असली पाहिजे.

भाषाभ्यासाच्या दृष्टीने या तत्त्वांतील एक कलम विशेष महत्त्वाचे आहे. कार्यक्रमांचे मुद्रण ९० दिवस जपणे बंधनकारक आहे; त्यापुढे नाही. मोठ्या वाहिन्यांवर प्रामुख्याने प्रमाण मराठी ऐकू येते. उलट, भीमाशंकर व नाणेघाटाकडील खोऱ्यांत राहणाऱ्या महादेव कोळी समाजाची बोली, किंवा घोड-कुकडीकाठच्या शेतकऱ्याचे बोलणे, कॅमेऱ्यापुढे सहजगत्या येण्याचा संभव स्थानिक वाहिनीवरच अधिक. संशोधकाने मुद्दाम घेतलेल्या मुलाखतीत वक्ता सावध होतो व आपली भाषा सावरून बोलतो. ग्रामसभेतील वादात तो तसे करीत नाही. अशा अकृत्रिम भाषेचे नमुने मिळविणे हे बोलीविज्ञानातील सर्वांत अवघड काम होय, आणि तेच येथे तीन महिन्यांनंतर पुसले जाऊ शकतात.

केंद्राला निदान इमारत असते आणि इमारतीत संग्रह राहू शकतो. वाहिनी वाहून जाते. म्हणून या तालुक्यांतील निवडक मुद्रणांची प्रत चालकांच्या संमतीने, स्थळ व दिनांक यांची नोंद करून, विद्यापीठाच्या ग्रंथालयात ठेवण्याची व्यवस्था होणे अगत्याचे आहे. वाहिनीची मालकी कोणाकडेही जावो, तीवरून बोलली गेलेली भाषा त्या तालुक्यांची आहे.