तोट्यातली फेरी आणि तुमच्या दुकानाचा गल्ला : एसटीच्या जाळ्याकडून शिकण्यासारखं

आज बिझनेसचा एक धडा एसटीकडून शिकूया. विषय आहे, "जे परवडत नाही ते बंद करा" हा सल्ला कधी चुकतो?

आधी थोडा इतिहास. स्वातंत्र्याआधी रस्त्यावर खासगी मोटारवाले होते. जिथे गर्दी, तिथे चार गाड्या. जिथे माणसं कमी, तिथे एकही नाही. गाडी भरली की सुटणार! १ जून १९४८ ला सरकारी एसटीची पहिली गाडी पुणे ते अहमदनगर (आताचं अहिल्यानगर) धावली. १९५० मध्ये रस्ते वाहतूक महामंडळांचा कायदा आला. १९६० मध्ये मुंबई राज्याचे महाराष्ट्र आणि गुजरात झाले, तशी एसटीचीही वाटणी झाली. पुढे "गाव तिथे एसटी" हे धोरणच ठरलं.

आता हे जाळं चालतं कसं ते बघा. जिल्ह्याला विभाग, साधारण तालुक्याला आगार. आज ३१ विभाग आणि सुमारे २५० आगारं आहेत. आगारातून खेड्यांकडे छोट्या फेऱ्या जातात, आणि त्याच स्टँडवरून पुण्या-मुंबईच्या लांब पल्ल्याच्या गाड्या सुटतात. मुक्कामी गाडी रात्री गावातच थांबते, म्हणजे सकाळी दूधवाला, कॉलेजची पोरं, कोर्टाची तारीख असलेला माणूस, सगळे वेळेत तालुक्याला पोचतात.

आता हिशोब. आकडे फक्त समजण्यासाठी घेतलेत. समजा, एका गावाच्या फेरीला खर्च ₹१,५०० आणि तिकिटं ₹७००. म्हणजे ₹८०० तोटा. कागदावर बघणारा म्हणेल, बंद करा. पण त्या गाडीतले ५ जण स्टँडवर उतरून पुण्याची गाडी पकडतात, तिकीट प्रत्येकी ₹२००. पुण्याच्या गाडीत ५ सीट रिकाम्याच जाणार होत्या, त्यामुळे हे ₹१,००० जवळजवळ निव्वळ कमाई. छोटी फेरी बंद झाली तर हे पाचजण वडापने येतील आणि पुढे ट्रॅव्हल्सनेही जातील. मग तोटा वाचला की वाढला?

अर्थात, प्रत्येक फेरीचं गणित असं जुळत नाही. काही फेऱ्या निव्वळ सेवा म्हणूनच चालवाव्या लागतात. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना मोफत प्रवास आहे, मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट. अशा सवलतींचे पैसे सरकारने महामंडळाला द्यायचे असतात. ते वेळेत मिळाले तरच गाडं चालतं.

आता आपल्या दुकानाकडे या. माझं दुकान तालुक्याच्या गावी आहे. गावाकडची गाडी आली की अर्ध्या तासात गिऱ्हाईक दिसतं. फेरी बंद झाली, तर सगळ्यात आधी फटका आपल्यासारख्यांना बसतो. म्हणून तीन कामं करा :

१. स्टँडवर जाऊन वेळापत्रकाचा फोटो काढा. कुठल्या गावची गाडी कधी येते आणि परत कधी जाते, ते लिहून काउंटरजवळ लावा. जेवणाची सुट्टी त्याप्रमाणे ठेवा.

२. कमी मार्जिनचा माल काढून टाकण्याआधी बिलं तपासा. काडेपेटी घ्यायला आलेला माणूस सोबत काय नेतो? काडेपेटी ही तुमची गावाकडची फेरी आहे. तिच्यासोबत काहीच जात नसेल, तर खुशाल काढा.

३. एखादी फेरी बंद होणार असं कानावर आलं, तर ४-५ दुकानदार मिळून आगार व्यवस्थापकांना लेखी अर्ज द्या. कुठल्या वेळेला किती माणसं येतात, ते आकड्यात लिहा. नुसत्या तक्रारीपेक्षा आकडे असलेला अर्ज जास्त वजनदार ठरतो.

थोडक्यात, एका फेरीचा हिशोब जरूर मांडा, पण निर्णय पूर्ण जाळं बघून घ्या. यावेळचा होमवर्क : मागच्या आठवड्याची २० बिलं काढा आणि तुमची "काडेपेटी" कुठली आहे ते शोधा. भेटू पुढच्या व्हिडिओत!